शब्दचर्चा : 'आडवे' विभाजन उभे का दिसते? आणि 'कलिकायन' व 'मुकुलायन'

प्रश्न : पुण्यातील एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. पॅरामेशिअम या एकपेशीय सूक्ष्मजीवाचे द्विविभाजन (एका जीवाचे दोन होणे) 'आडवे' असते असे आम्ही मुलांना सांगतो, परंतु तयार काचपट्टी सूक्ष्मदर्शीखाली ठेवल्यावर दोन भागांमधली खाच उभी दिसते, असा आक्षेप काही मुलांनी घेतला आहे. शिवाय अंगावर कळी येऊन नवा जीव तयार होण्याच्या क्रियेला किण्वाच्या (यीस्टच्या) बाबतीत 'कलिकायन' आणि हायड्रा या पाण्यातल्या लहान बहुपेशीय प्राण्याच्या बाबतीत 'मुकुलायन' असे दोन शब्द का वापरतात, याचाही खुलासा जाणकारांनी करावा.

उत्तर : मुलांनी जे पाहिले ते बरोबरच आहे, घोटाळा 'आडवे' या शब्दाच्या दोन अर्थांमुळे झाला आहे. 'तो पलंगावर आडवा झाला' असे म्हणताना आपल्याला जमिनीला समांतर अशी स्थिती अभिप्रेत असते, तर 'मांजर आडवे गेले' असे म्हणताना वाटेच्या लांबीला छेद देऊन जाणे अभिप्रेत असते. विभाजनाच्या संदर्भात हा दुसरा अर्थ घ्यायचा आहे. पॅरामेशिअमचे शरीर लांबट असते आणि ते मध्यावर, लांबीला छेद देऊन विभागले जाते. त्यामुळे तो जीव दृष्टिक्षेत्रात डावीकडून उजवीकडे पसरलेला असेल, तर खाच साहजिकच वरून खाली गेलेली दिसते. स्वयंपाकघरात हा भेद कोणाला समजावून सांगावा लागत नाही, कारण भेंडी विळीवर कशीही धरली तरी लांबीच्या दिशेने चिरली की ती 'उभी' चिरलेली असते. युग्लीना या दुसऱ्या एकपेशीय जीवाचे विभाजन 'उभे' म्हणतात तेही याच अर्थाने. ते कशाभिका (चाबकासारखा तंतू) असलेल्या टोकाकडून सुरू होऊन शरीराच्या लांबीने मागे सरकते. अमिबाला ठरावीक आकार नाही, त्यामुळे लांबीचा निश्चित अक्षही नाही, आणि म्हणूनच त्याच्या विभाजनाला आडवे किंवा उभे यांपैकी कोणतेच विशेषण लावता येत नाही. 'अनुप्रस्थ' आणि 'अनुदैर्घ्य' हे संस्कृत पर्याय अधिक नेमके आहेत, पण दहावीच्या मुलांवर ते लादावेत असे मला वाटत नाही. 'शरीराच्या लांबीला आडवे' एवढे तीन शब्द पुरेसे आहेत. 'क्षैतिज' हा शब्द मात्र येथे कटाक्षाने टाळावा, कारण त्यात क्षितिजाखेरीज दुसरा अर्थ निघत नाही.

याच काचपट्टीवर आणखी एक गफलत होते. दोन पॅरामेशिअम कुशीला कूस लावून, लांबीच्या बाजूने चिकटलेले दिसले, तर ते विभाजन नसून संयुग्मन असते. त्यात केंद्रकद्रव्याची देवाणघेवाण होते आणि त्या क्रियेने जीवांची संख्या वाढत नाही. विभाजनात दोन्ही भाग एकापुढे एक, टोकाला टोक जोडलेले असतात.

आता दुसरा प्रश्न. 'कलिका' आणि 'मुकुल' या दोन्ही शब्दांचा अर्थ कळी असाच आहे, त्यामुळे शब्दार्थाच्या बळावर भेद करता येणार नाही. भेद आहे तो वस्तूत. किण्वाची पेशी साधारण 5 ते 10 मायक्रोमीटर आकाराची असते. तिला एका बाजूने फुगवटा येतो, केंद्रक विभागून त्याचा एक भाग फुगवट्यात जातो, आणि शेवटी लहान पेशी सुटून मोठ्या पेशीच्या भित्तिकेवर व्रण राहतो. हायड्राची कळी अनेक पेशींची असते. शरीरभित्तीचे दोन्ही स्तर मिळून बाहेर येतात, कळीची पोकळी जनक हायड्राच्या पोकळीशी जोडलेली राहते, मग शुंडके (तोंडाभोवतीचे सोंडेसारखे अवयव) आणि मुख तयार होऊन ती काही दिवसांनी वेगळी होते. हे पाहण्यास हातभिंग किंवा सर्वांत कमी शक्तीचे वस्तुभिंग पुरते. एकपेशीय आणि बहुपेशीय असा हा फरक दोन वेगळ्या शब्दांनी लक्षात राहत असेल, तर संकेत म्हणून ते जरूर ठेवावेत. पण परीक्षेत एकाच्या जागी दुसरा शब्द लिहिला म्हणून गुण कापणे अन्यायाचे ठरेल.

पुणेकर शिक्षकांसाठी जाता जाता एक गोष्ट सांगतो. आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर बरेच काम झाले असून, 'हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे' या नावाने एक वाण संशोधनसाहित्यात ओळखला जातो. पाठातला हा जीव केवळ परदेशी चित्रांतला नाही, हे मुलांना कळले पाहिजे.

आणखी एक मत : वरील खुलासा पटला. हायड्रासाठी बोलताना 'फुटवा' हा शब्द का वापरू नये, असे मात्र विचारावेसे वाटते. ऊस आणि गहू पिकवणाऱ्या आमच्या जिल्ह्यात तो सर्वांना ठाऊक आहे, आणि 'अंगाला फुटवा आला' म्हटल्यावर खेड्यातून आलेल्या मुलाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

उत्तर : बोलताना अवश्य वापरावा, लेखनात पारिभाषिक शब्द ठेवावा, कारण पिकाचा फुटवा सहसा मूळ झाडापासून सुटत नाही आणि हायड्राची कळी सुटते. प्रयोगवहीतील क्रियापदाकडेही लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. कोमट साखरपाण्यातल्या किण्वाचा थेंब दहा मिनिटे पाहून 'कलिकायन होताना दिसले' असे मुले लिहितात. अनुकूल तापमानातही एका पेशीचे कलिकायन पूर्ण होण्यास साधारण दीड तास लागतो. एका थेंबात वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, म्हणून 'कलिकायनाच्या निरनिराळ्या अवस्थांतील पेशी दिसल्या' असे लिहावे. तयार काचपट्टीत तर जीव मृतच असतात, तेथे 'होताना' हा शब्द येऊच नये.