गोळ्यांनी मूड जातो हे "मनाचे खेळ" म्हणून सोडून द्यायचं का?

भुसावळची_लेक: दुसरं बाळ लगेच नको म्हणून गर्भनिरोधक गोळी चालू केली आणि दुसऱ्या पाकिटापासून माझं मलाच कळेना काय होतंय, वरण जरा करपलं तरी रडू, नवऱ्याने नुसती हाक मारली तरी खेकसायचं, रात्री झोप नाही. सासूबाई म्हणे भुसावळचं ऊन आहे, डोक्यात जातं. डॉक्टर म्हणे गोळीचा काही संबंध नाही, मनाला लावून घेऊ नका. बंद केली आणि हळूहळू परत माणसात आले. मळमळेल, छाती दुखरी होईल, मधेच डाग दिसतील हे सगळं सांगतात, मग मूडचंही आधीच सांगा ना. पोट दुखतं म्हटलं की तपासतात आणि रडू येतं म्हटलं की समजूत काढतात, हे मला पटत नाही.

चोपड्याची_आशाताई: ताई तुमचा त्रास खोटा नाही, पण असं लिहिल्याने गावात काय होतं ते मी बघते. एकीने म्हटलं गोळीने डोकं फिरतं की सगळी गल्ली गोळ्या बंद करते, दुसरं काहीच चालू करत नाही, आणि मग त्यातलीच कोणीतरी मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय पाडायच्या गोळ्या आणून खाते. आधीच अंगात रक्त कमी, त्यात ते एवढं जाणार. त्याचा धागा कोणी काढत नाही. शिवाय बाळंतपणानंतरची झोपमोड, घरातली माणसं, शेतातलं काम, रडायला कारणं काय कमी आहेत का? बऱ्याच जणींना पहिले दोन-तीन महिने त्रास होतो, मग शरीर सरावतं.

शहाद्याचा_आकडेमोड्या: दोघीही थोड्या बरोबर आहात. डेन्मार्कमध्ये दहा लाखांवर बायकांच्या नोंदी तपासून २०१६ साली अभ्यास आला. हार्मोनवालं काही न घेणाऱ्या शंभर जणींत वर्षाला साधारण १.७ जणींना नैराश्याची औषधं सुरू झाली, घेणाऱ्यांत २.२. म्हणजे फरक आहे पण छोटा, १५ ते १९ वयाच्या मुलींत मात्र बराच जास्त. पण त्यातून गोळीमुळेच झालं हे सिद्ध होत नाही. स्वीडनमध्ये ३४० जणींपैकी अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना नकली, असं तीन महिने करून पाहिलं (२०१७), नैराश्य काही वाढलं नाही, पण एकूण बरं वाटणं खरी गोळीवाल्यांत थोडं घसरलं.

भुसावळची_लेक: म्हणजे घसरतं ना! मग "काही संबंध नाही" असं ठामपणे कसं म्हणतात?

जामनेरचा_गडी: हे बाहेरचं हार्मोन अंगात घालायचंच कशाला, आमच्या आजीने कधी गोळी घेतली नाही.

मायवं_धुळे: माय वं! आजीला लेकरं किती झाली आणि त्यातली जगली किती तेपण लिहा की भाऊ. एवढी काळजी आहे तर नसबंदी करून घ्या, बिनटाक्याची असते, लगेच घरी जाता येतं, फक्त नंतर तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं.

जामनेरचा_गडी: पुरुषाला जड काम असतं, अशक्तपणा येतो.

मायवं_धुळे: येत नाही, ही अफवा आहे. आणि केळीचे घड डोक्यावर वाहणाऱ्या बायांना जड काम नसतं का? पुरुषांसाठी हार्मोनच्या इंजेक्शनची चाचणी झाली होती, मूड बिघडायला लागले तशी थांबवली. बायकांच्या वेळी सोस म्हणतात.

शहाद्याचा_आकडेमोड्या: ते अर्धंच खरं आहे. ती चाचणी ३२० पुरुषांवर होती, २०११ ला थांबवली ती तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीच्या सांगण्यावरून, आणि मूडच्या बऱ्याचशा तक्रारी एकाच केंद्रातून आल्या होत्या. पुरुष घाबरून पळाले असं झालं नाही.

मेडिकलवाला_अमळनेर: काउंटरच्या अलीकडून बोलतो. श्रावणात कानबाईचा सण आला की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांसाठी रांग लागते, नवरात्रात सप्तशृंगीला जायचं असलं की परत तेच. तीही हार्मोनचीच (नॉरइथिस्टेरॉन), डॉक्टरला न विचारता दरवर्षी घेतात, त्यानेही काहींना चिडचिड होते आणि घरचे म्हणतात सणाची दगदग झाली. वर कित्येकींना वाटतं तिने दिवसही राहत नाहीत, तसं नसतं. राहिली रोजची गोळी, तर माला-एनच्या पाकिटात २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या असतात. डोकेदुखी, चिडचिड कोणाला त्या सात दिवसांतच होते, कोणाला महिनाभर. ते लिहून ठेवा, डॉक्टरला उपयोग होतो. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन, एकदा टोचलं की परत काढता येत नाही, त्यामुळे आधी नैराश्य होऊन गेलं असेल तर घेण्याआधीच सांगा. छाया ही गर्भनिरोधक गोळी हार्मोनची नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, फक्त पाळी लांबते काहींची.

चोपड्याची_आशाताई: दादा बरं लिहिलंत. मी पण एक सांगते, मरावंसं वाटत असेल तर तीन महिने वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. डोळ्यापुढे चमकून अर्धं डोकं दुखत असेल किंवा बीपी असेल तरी माला-एनसारखी हार्मोनची गोळी चालत नाही. पण ताई, मुद्दा तोच राहतो. परवा एकीने विचारलं तांबी वर चढून काळजात जाते का. आता ती तुमचं वाचून गोळीपण नको म्हणणार. तिला काय सांगू ते तुम्हीच लिहा.

भुसावळची_लेक: मी स्वतः तांबीच बसवली आहे. बसवताना ताईंनी सांगितलं होतं की पहिले काही महिने पाळीला रक्त जास्त जाईल, कळा येतील, म्हणून ते झालं तेव्हा मी घाबरले नाही. तिला सांगा काळजात बिळजात काही जात नाही, पण अंगात रक्त कमी असेल तर आधी तपासून घे. आणि गोळी घेतलीस तर चिडचिड होईलच असं नाही, झाली तर गुपचूप बंद करू नको, माझ्याकडे ये, दुसरं काही बघू.

चोपड्याची_आशाताई: एवढं सगळं सांगायला घरात सासू समोर बसलेली नको. ते कसं करायचं?