पोरं शोधतात झकास, पण सापडलेलं पारखत नाहीत. दुकानात बसून हे कसं शिकवावं?

तापीकाठचा

राम राम मंडळी. यावल तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, औषधं. (औषध म्हणजे फवारणीचं. पुण्या-मुंबईची मंडळी वाचत असतील म्हणून सांगून ठेवतो, मागे एकाने मला डोकेदुखीची गोळी विचारली होती.)

मागच्या वर्षापासून दोन पोरं कामाला ठेवली आहेत. एक कृषी पदविकावाला, दुसरा बी.एस्सी. ॲग्री. दोघंही मेहनती. फोनवर बोटं अशी चालतात की मी फक्त बघत राहतो. मी चष्मा शोधेपर्यंत त्यांना उत्तर सापडलेलं असतं. माझी अडचण तिथूनच सुरू होते.

श्रावणातली गोष्ट. केळीच्या मृग बागेचे (पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेल्या केळीचे) दिवस, आठ दिवस सूर्य नाही, नुसती झड. मी कामाला भुसावळला गेलो होतो. एक आबा दुकानात आले, चार हजार खोडांचा बाग, जुनं गिऱ्हाईक. फोनमध्ये पानाचा फोटो, पानावर पिवळे पट्टे. पोराने लगेच शोधलं, ‘केळी पानावर पिवळे पट्टे उपाय’. पहिला व्हिडिओ उघडला, त्यात बुरशीनाशक सांगितलं होतं, प्रोपिकोनॅझोल आणि सोबत स्टिकर (औषध पानाला चिकटून राहावं म्हणून). दुकानात होतंच. बिल फाडलं, आबा खुशीत गेले.

दहा दिवसांनी आबा परत आले ते बोलतच नव्हते. नुसतं पान समोर टाकलं. कोवळं पान, कडा वाकड्या, पोंगा (मधलं न उलगडलेलं पान) सडायला लागलेला. हरण्या! आमच्याकडे रावेर-यावलात हा शब्द लहान पोरालाही माहीत आहे. पुस्तकात त्याला कुकुंबर मोझॅक विषाणू म्हणतात. मावा नावाची बारीक कीड तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. झालेल्या झाडाला औषध नाही. ते मुळासकट उपटून बागेबाहेर नष्ट करायचं, माव्याचा बंदोबस्त करायचा, बागेत काकडी-भोपळा लावायचा नाही, बांधावरचं तण काढायचं. आबांनी या दहा दिवसांत करप्याचं, म्हणजे पानावरच्या बुरशीच्या रोगाचं, औषध फवारलं आणि मावा निवांत पुढच्या ओळींत गेला.

मी रात्री तो व्हिडिओ बघितला. आणि मला जे टोचलं ते हे, की व्हिडिओ खोटा नव्हता. बोलणारा माणूस करप्याबद्दल बोलत होता आणि बरोबर बोलत होता. सुरुवातीच्या दीड मिनिटात त्याने सांगितलंही होतं की ठिपके आधी खालच्या, जुन्या पानांवर येतात. आमच्या पोराने ते दीड मिनिट बोटाने पुढे ढकललं आणि थेट ‘औषध कोणतं’ तिथे थांबला. आबांच्या फोटोतलं पान वरचं होतं, नुकतं उलगडलेलं. त्याने फोटो नीट बघितला असता तरी भागलं असतं.

दुसरी गोष्ट वेळीच पकडली म्हणून वाचलो. कीटकनाशकाच्या डब्यासोबत घडीचं पत्रक येतं ना, दहा-बारा भाषांतलं, मुंगीएवढ्या अक्षराचं, त्यात मात्रा हेक्टरी दिलेली असते. दुसऱ्या पोराने ती एकरी म्हणून सांगितली. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर. म्हणजे अडीचपट औषध! गिऱ्हाईक पायरी उतरत होतं, मी ओरडून परत बोलावलं.

मी रागावलो. त्याचा परिणाम असा झाला की आता पोरं दोरीचा गुंडा विकायचा तरी मला फोन लावतात. तेही कामाचं नाही. मी स्वतः दुकानदारांचा तो एक वर्षाचा देसी डिप्लोमा केलाय. खोटं कशाला बोलू, वर्गात ऐकलेलं अर्धं विसरलो, शिवारफेरीत पाहिलेलं एकही विसरलो नाही. पण दुकानात शिवारफेरी कुठून आणू? इथे कोणी शिक्षक, ग्रंथपाल, ऑफिसवाले असतील तर सांगा. नेमकं काय करता?

कोरडवाहू

भाऊ, राग मानू नका. मी पारोळ्याकडचा कापूसवाला. मला आजवर कोणत्याही दुकानात ‘याला औषध नाही’ असं कोणी सांगितलेलं नाही. प्रत्येक वेळी दोन बाटल्या आणि एक ‘टॉनिक’ पिशवीत पडतं. तुमच्या पोराने काउंटरवर उभं राहून जे शिकायचं तेच शिकलं असेल: गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाऊ द्यायचं नाही. मग फोनमध्येही तो औषधच शोधणार.

जुना ग्रंथपाल

कोरडवाहूंनी बोट बरोबर जागी ठेवलंय. माणूस काय शोधतो हे त्याला काय सापडायला हवंय त्यावर ठरतं. तुमच्या पोराने ‘उपाय’ हा शब्द टाकला तिथेच निम्मी चूक झाली. ‘हे काय आहे’ हा प्रश्न त्याने गिळून टाकला.

मी धुळ्यात कॉलेजच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली. माझ्या नोकरीत ‘माहिती साक्षरता’ नावाखाली जे चालायचं ते सांगतो: वर्षातून एकदा अर्धा तास, ऐंशी मुलं एका दालनात, कपाटं कुठे आणि कार्ड कसं काढायचं. हजेरीवर सह्या, फोटो, फाईल बंद. गंमत म्हणजे हा शब्द मुळात शाळा-कॉलेजातला नाहीच, तो कामाच्या जागेवरचा. १९७४ साली अमेरिकेत पॉल झुर्कोव्स्की यांनी तिथल्या ग्रंथालय आयोगासाठी केलेल्या मांडणीत तो वापरला आणि आपल्या कामात माहितीची साधनं वापरायला जे शिकलेत त्यांना माहितीसाक्षर म्हटलं. म्हणजे तुमचं काउंटर हीच त्याची मूळ जागा. आम्ही तो उचलून दालनात नेला.

आता कामाचं. स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी संगणकासमोर बसवले आणि अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली. मोठमोठे इतिहासकारही नीटनेटक्या पानाला, भारदस्त नावाला भुलले. ते पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत बसले. तपासनीस मात्र क्षणात ते पान सोडून बाहेर पडायचे आणि दुसऱ्या चार खिडक्या उघडून ‘हे लोक कोण’ ते बघायचे. आपल्याकडे मुलगी द्यायची तर आपण काय करतो? मुलाच्या बापाशी बोलत बसत नाही, गल्लीत चौकशी करतो. तेच.

पण तुमच्या प्रकरणात एवढ्याने भागलं नसतं, कारण व्हिडिओवाला सज्जन होता. तिथे दुसरं एक काम आठवतं. ऑस्ट्रेलियात ॲनमरी लॉइड यांनी अग्निशमन दलाच्या जवानांचा अभ्यास केला. नवा जवान नियमावली पाठ करून येतो, पण आग ‘वाचायला’ तो जुन्या जवानाच्या शेजारी उभा राहून शिकतो. धुराचा रंग, आवाज, ताप. ही माहिती कागदावर नसते. तुमचं पान ही तशीच आग आहे. तुम्ही भुसावळला असताना त्याच्या शेजारी कोणीच उभं नव्हतं.

मी शेवटच्या काही वर्षांत दालन बंद केलं आणि एकच करत होतो. पाच-सहा मुलं, एक प्रश्न, तीन कागद. प्रत्येकाने आधी एवढंच सांगायचं: हे कोणी, कधी, कुठल्या गावाबद्दल लिहिलंय. उत्तर नंतर. मुलं कंटाळायची. मीही कंटाळायचो. पण इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या गावात राहून मूळ कागद बघितल्याशिवाय बोलायचं म्हणजे जरा लाजच वाटते. ते आयुष्यभर दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरले आणि १९२६ साली इथेच, धुळ्यात गेले.

साक्रीचा मास्तर

सर, नमस्कार. मी तुमच्याच कॉलेजात होतो बहुतेक, तीन कागदांचा त्रास ओळखीचा वाटतोय.

मी साक्री तालुक्यात माध्यमिकला आहे. आमच्याकडे हा विषय कौशल्य म्हणून शिकवता येत नाही. १ जुलै २०१८, रविवार, राईनपाड्याचा बाजार. सोलापूर जिल्ह्याकडून भिक्षा मागत आलेले पाच जण. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज कित्येक दिवस फोनाफोनांत फिरत होते. जमावाने त्या पाचांचा जीव घेतला. पुढचं लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. माझ्या वर्गात तेव्हा त्या बाजाराला जाणाऱ्या घरांतली मुलं होती. दुसऱ्या आठवड्यात एकीने विचारलं, ‘सर, मेसेज कोनी लिखना व्हता?’ मला उत्तर देता आलं नाही.

त्या काळात देशभर फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतला होता. मुलांच्या सुरक्षेसाठी तिथल्या एका संस्थेने केलेली जागृतीची फिल्म. मोटरसायकलवाले मूल उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, हातात फलक धरतात. तो शेवट कापून उरलेलं फिरवलं गेलं. तापीकाठचे भाऊ, तुमच्या पोराने सुरुवात कापली, तिथे कोणीतरी शेवट कापला.

तेव्हापासून मी एक करतो. वर्तमानपत्रातली बातमी आडवी फाडतो आणि अर्धीच देतो. कधी वरची, कधी खालची. उरलेल्या अर्ध्यात काय असेल ते मुलांनी लिहायचं, मग मी दुसरा तुकडा काढतो. पहिल्या दिवशी सगळे छातीठोक लिहितात. चौथ्या-पाचव्या वेळी कोणीतरी म्हणतं, ‘सर, आख्खं दिखाडा ना पहिले.’ एवढं झालं की मी त्या दिवशी लवकर सोडतो.

तुमच्याकडे दोनच पोरं आहेत. फोटो अर्धा झाकून दाखवा.

बाराखडीताई

मी पंचायत समितीच्या भानगडीतली, टेबल आणि तालुका विचारू नका. आमच्याकडे माहिती म्हणजे जीआर, शासन निर्णय. आणि जीआर हल्ली व्हॉट्सॲपवर येतो, साहेबांकडून येतो, म्हणून तो खराच असतो!

मागे एका योजनेचं असंच पत्र ग्रुपवर आलं. बोधचिन्ह, विभागाचं नाव, सही, सगळं जागेवर. बाहेर रांग लागली, बायका आधार कार्डाच्या झेरॉक्स घेऊन उभ्या. आमच्या नव्या क्लार्कने अर्ज घ्यायला सुरुवातही केली. मी त्याला शेजारी बसवलं आणि म्हटलं, शेवटच्या पानावर जा. जीआरच्या शेवटी एक ओळ असते, हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे आणि त्याचा संकेतांक अमुक. अठरा आकडे. पहिले आठ म्हणजे तारीख: वर्ष, महिना, दिवस. त्या पत्रावर तारीख मार्चची आणि संकेतांकातला महिना सप्टेंबर, तोही दोन वर्षांपूर्वीचा. एक-दोन दिवसांचा फरक चालतो, पण दोन वर्षांचा? तोच आकडा संकेतस्थळावर टाकला तर दुसऱ्याच विभागाचा बदलीविषयक निर्णय निघाला. कोणीतरी जुन्या जीआरची शेपूट नव्या धडाला लावली होती.

आता तो पोरगा कोणताही जीआर शेवटून वाचतो. एआयला विचारून आणलेला असला तरी.

आणि भाऊ, तुम्ही रागावलात ते चुकलं, स्पष्ट सांगते. ‘माहीत नाही’ म्हटलं की ओरडा, चुकीचं सांगितलं की ओरडा. मग पोरगं फोनच लावणार ना. मी एक वही ठेवली आहे. ज्याचं उत्तर माहीत नाही तो प्रश्न वहीत लिहायचा, कुठे शोधलं ते लिहायचं, आणि समोरच्याला सांगायचं की उद्या या. पहिली नोंद मी माझ्या हाताने केली, नाहीतर कोणी लिहिलं नसतं.

तापीकाठचा

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. कांदेबागाची (पावसाळ्यानंतर लावायच्या केळीची) लागवड सुरू आहे, जेवायला वेळ नव्हता.

कोरडवाहू, तुमचं लागलं, पण खरं आहे. मी हिशोब काढून बघितला. हरण्याच्या दिवसांत माझ्याही बिलांवर ‘टॉनिक’ आहेच. ते माझ्या हातचं आहे, पोरांच्या नाही.

मास्तर, फोटो झाकायचा प्रयोग केला. आबांकडे स्वतः गेलो, माफी मागितली, आणि दोन्ही पोरांना बागेत उभं केलं. एकाला फक्त पान दाखवलं, दुसऱ्याला झाडावर ते कितवं आहे एवढंच सांगितलं. दोघांनी मिळूनच उत्तर द्यायचं. बी.एस्सी.वाला तीनदा चुकला, पदविकावाला एकदा. आबा बांधावर बसून हसत होते, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

पत्रकाची अडचण पोरांनी स्वतःच सोडवली. फोनने फोटो काढतात, मराठीचा रकाना मोठा करतात आणि ‘हेक्टरी’ या शब्दावर लाल पेनाने गोल करून ते काउंटरच्या काचेखाली सरकवतात. पीक, कीड, मात्रा, शेवटची फवारणी ते काढणी किती दिवस. आतापर्यंत अकरा कागद झाले. मला वाचायला चष्माही लागत नाही.

ताई, वही घेतली. दोनशे पानी. पहिली नोंद माझी, ठिबकच्या एका विद्राव्य खताबद्दल. खरंच माहीत नव्हतं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आता सत्तावीस नोंदी आहेत, त्यातल्या नऊपुढे उत्तर आहे, बाकी कोरंच. तीन प्रश्न घेऊन निमखेडीच्या केळी संशोधन केंद्रावर जाणार आहे, पोरांनाच पाठवतो म्हणा.

काल एक गिऱ्हाईक ‘उद्या या’ ऐकून तडकलं. ‘तुमच्या पोराले काहीच माहीत नाही’ म्हणत समोरच्या दुकानात गेलं आणि तिथून पिशवी भरून निघालं. पोराने वहीत तेही लिहून ठेवलंय, नोंद क्रमांक सत्तावीस.