वऱ्हाडी शब्द शब्दकोशात कसे शोधायचे?

पांदणवाट: आठवीच्या मुलांकडून गावातल्या शब्दांची वही करून घ्यायची आहे. मुले डोया, इस्तो, इहीर, तिफन असे कानाला ऐकू येते तसे लिहितात आणि कोशात ते सापडत नाही. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश संगणकावर उघडतात. शोध कसा घ्यावा, मूळ कसे वाचावे, आणि च-ज चा उच्चार कोशातून कळतो का?

वावरातला: गुरुजी, शब्द कोशात आहेत, फक्त दार वेगळे आहे. आधी ध्वनी मागे न्या. वऱ्हाडीत ळ चा य होतो, म्हणून डोया म्हणजे डोळा, केयी म्हणजे केळी. ण चा न होतो, म्हणून तिफन ऐवजी तिफण पाहा. सुरुवातीचा वि- गळून इ- उरतो: इस्तो म्हणजे विस्तव, इहीर म्हणजे विहीर. भंडारा-गोंदियाकडच्या झाडीबोलीत ळ चा र होतो, तिथला डोरा म्हणजे डोळाच.

पण हे उलटे नेणे आंधळेपणाने करू नका. 'काया' ऐकले तर ते 'काळा' असेल किंवा खरेच 'काया', म्हणजे देह. अख्खे वाक्य लिहून घ्या. 'काया बैल' असेल तर विशेषण आहे, काळा पाहा. 'काया थकली' असेल तर स्त्रीलिंगी नाम. कोशात शब्दापुढे पु., स्त्री., न., वि. असे लिहिलेले असते, ते वाक्याशी जुळवायचे.

दुसरी अडचण जुन्या शुद्धलेखनाची. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' 1932 ते 1938 मधला. उच्चारात नसलेले अनुस्वार 1962 च्या नियमांनी काढले, त्यामुळे या कोशांत गाव नाही, गांव आहे. नाव म्हणजे नांव, तळे म्हणजे तळें, पेरणे म्हणजे पेरणें. आजचे रूप टाकून मिळाले नाही तर अनुस्वार देऊन पाहा.

शब्द मूळ रूपात आणायला मुले हमखास विसरतात. कापसाचा नाही, कापूस. उसाला नाही, ऊस. विहिरीत नाही, विहीर.

शब्दवेल्हाळ: वरच्यात भर. पऱ्हाटी, वऱ्हाड असले शब्द टंकून सापडले नाहीत तर कोशात शब्द नाही असे समजू नका. हा अर्धा र संगणकात दोन प्रकारे साठवला जातो आणि दिसायला दोन्ही सारखेच. एक 'ऱ' वापरून, दुसरा साध्या 'र' ला अदृश्य जोडचिन्ह लावून. म्हणून सुरुवातीची अक्षरे टाळून नुसते 'हाटी' शोधा, आणि शोध 'शब्दात कुठेही' असा ठेवा.

मूळ वाचताना दाते-कर्व्यांत चौकटी कंस पाहा, व्युत्पत्ती तिथे असते. सं. म्हणजे संस्कृत, फा. फारसी, का. कानडी. (व.) दिसले की वऱ्हाडी आणि (ना.) दिसले की नागपुरी, या दोन खुणा मुलांना आधी दाखवा, आपला शब्द छापलेला पाहून त्यांना वेगळाच हुरूप येतो. नमुन्यासाठी नांगर घ्या, संस्कृत लाङ्गल. गहू हा गोधूम वरून, हळद हरिद्रा वरून. कास्तकार मात्र फारसी काश्तकार. व्युत्पत्तीपुढे प्रश्नचिन्ह असेल तर वहीतही प्रश्नचिन्हच उतरवा. शंका असेल तिथे कृ. पां. कुलकर्ण्यांचा 1946 चा 'मराठी व्युत्पत्ति कोश' ताडून पाहावा. नुसत्या आवाजाच्या साम्यावर मूळ जोडणे ही सगळ्यात घातक सवय, ती सुरुवातीलाच मोडा.

वावरातला: उच्चाराचे राहिले होते. च, ज, झ यांचे दोन उच्चार, पण नेहमीच्या छपाईत अक्षर एकच. 'चारा' मधला च दातांजवळचा, 'चार' या आकड्यातला टाळूचा. 'जरा थांब' मधला ज दातांजवळचा, म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला टाळूचा. इ, ई, ए, य पुढे आले की बहुधा टाळूचाच: माझा मध्ये एक, माझी मध्ये दुसरा. संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांत टाळूचा, जसे चंद्र. म्हणजे आधी मूळ पाहिले तर उच्चाराचा अंदाज येतो. तरी शेवटी जाणत्या माणसाकडून शब्द म्हणून घ्यावा आणि वहीत दातांजवळच्या उच्चाराखाली टिंब द्यावे. एका शब्दाला एक पान ठेवा: ऐकलेले रूप, कोशातले रूप, लिंग, अर्थ, मूळ, आणि ज्या वाक्यात ऐकला ते वाक्य.