श्रीमंत घरच्यांना भेटायची कॉमेडी लिहितेय, मुलाची आई खोटी वाटतेय, काय करू?

शाईचाडाग:
मंडळी मदत हवीये. पहिल्यांदाच पूर्ण लांबीची रोमँटिक कॉमेडी लिहितेय. मुलगी साध्या नोकरदार घरातली, मुलगा फार म्हणजे फारच श्रीमंत घरातला, आणि अर्ध्याहून जास्त सिनेमा त्याच्या घरी दोन दिवसांत घडतो. पहिली वीस पानं मस्त जमली पण आईची एंट्री झाली की सगळं ठोकळेबाज होतं, तोंड उघडलं की टोमणा नाहीतर पैशाचा माज. मैत्रिणीला वाचायला दिलं तर ती म्हणाली मला हिचा राग पण येत नाही गं, ही बाई खरी वाटतच नाही. फार लागलं ते, कारण खरंय. आणि शेवटी तिचं मन वळावं म्हणून मी तिला आजारी पाडलंय, मुलगी सेवा करते वगैरे, ते मलाच पटत नाहीये. नकार खरा कसा करायचा आणि होकार कसा आणायचा?

तिसरीघंटा:
आधी आजारपण काढून टाक प्लीज. सेवा केली म्हणून मिळालेला होकार म्हणजे उपकाराची परतफेड, त्यात त्या मुलीला कोणी ओळखलं असं होत नाही.

आता आईचं. 'क्रेझी रिच एशियन्स' (२०१८) बघितलाच असशील, परत बघ पण या वेळी फक्त आईवर लक्ष ठेव. मिशेल योहची एलेनॉर स्वतःच त्या घरात नावडती सून होती, सासूने घराण्याची अंगठी द्यायला नकार दिला म्हणून नवऱ्याने तिच्यासाठी वेगळी बनवून घेतली. म्हणजे ती मुलीला नाही म्हणते तेव्हा तो आपण काय काय सोसलंय ते माहीत असलेल्या बाईचा नकार असतो, नुसता माज नाही. तुझ्या आईला असं काय झालंय ते तुला माहितीये का? सिनेमात सांगू नकोस हवं तर, पण तुला माहिती पाहिजे.

आणि तो माजाँगचा (सोंगट्यांचा चिनी खेळ) सीन! रेचल, म्हणजे त्यातली मुलगी, गेम थिअरी (डावपेचांचं गणित) शिकवणारी प्रोफेसर, तिच्या हातात जिंकायची सोंगटी येते आणि ती जाणूनबुजून सोडते, एलेनॉर ती उचलून डाव जिंकते आणि मग रेचल आपले पत्ते उघडे करते. मुलाने लग्नाचं विचारलेलं, तिने नाही म्हटलंय, का तर त्याची आई त्याच्यापासून तुटू नये. सिनेमा ज्यावर बेतलाय त्या केविन क्वानच्या २०१३ च्या कादंबरीत हा सीन नाहीच, सिनेमासाठी नव्याने लिहिलाय. नंतर आई सॉरी म्हणत नाही, भाषण नाही, मुलगा परत मागणी घालतो तेव्हा त्याच्या हातात तिचीच अंगठी असते, बस्स. मला प्रत्येक वेळी रडू येतं तिथे.

उशिरायेणारी:
पत्ते नाही सोंगट्या म्हण 🙂 बाकी शंभर टक्के सहमत.

पण शाई, तुझ्या पोस्टमध्ये मुलगा कुठेय गं? आई काय बोलते मुलगी काय करते एवढंच आहे. असल्या गोष्टींत निम्मा गोंधळ त्यानेच केलेला असतो, घरची परिस्थिती आधी सांगत नाही, ती बिचारी तयारीशिवाय जाऊन उभी राहते. मी स्वतः अशा एका भेटीला गेलेय, त्याची आई जे बोलली ते मी कधीच विसरले पण तो शेजारी बसून खाली मान घालून गप्प होता ते अजून आठवतं. आईचा सीन लिहिताना दर वाक्याला त्याचा चेहरा दाखव, सीन आपोआप जिवंत होईल.

जुनीपोथी:
हा गुंता फार जुना आहे. मिनँडरचं 'डिस्कोलोस' नावाचं ग्रीक नाटक, इ.स.पू. ३१६ चं, जवळजवळ पूर्ण सापडलंय. त्यात श्रीमंत बाप मुलाला गरीब घरातल्या मुलीशी लग्न करायला आनंदाने परवानगी देतो, पण मुलगा म्हणतो आता आपली बहीण त्या मुलीच्या सावत्र भावाला देऊया, तर हाच बाप अडतो, की एका वेळी दोन दोन गरीब सोयरे नकोत. मुलगा त्याला समजावतो की पैसा काही कायमचा आपला नसतो, आणि बाप मानतो. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की तो गरीब भाऊसुद्धा आधी नको म्हणतो, दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशावर चैन त्याला नको असते. म्हणजे नकार दोन्हीकडून आहे. तुझ्या मुलीलाही त्या घराबद्दल एखादा खरा आक्षेप असू दे, ती फक्त पसंतीची वाट बघत उभी राहिली तर आईला बोलायला समोर माणूसच उरत नाही.

हसराप्रेक्षक:
सगळे आईबद्दल बोलताहेत, पण कॉमेडी आहे ना? हसू कुठून येणार? 'मीट द पेरेंट्स' (२०००) मध्ये मुलीच्या घरी भेटायला आलेला ग्रेग नर्स आहे आणि तिचा बाप माजी सीआयए. ग्रेग चांगलं दिसावं म्हणून जेवणाच्या टेबलावर एक छोटीशी थाप मारतो, लहानपणी शेतावर होतो म्हणून, आणि ती सांभाळताना मांजरीचं दूध काढल्यापर्यंत पोचतो. बाप फक्त शांतपणे पुढचा प्रश्न विचारतो. टोमणा एकही नाही आणि आपण लोळतोय. पसंत पडायची धडपड खरी असली की हसू येतंच. आईला टोमणे देऊ नको, प्रश्न दे. साधे, नम्र, ज्यांचं उत्तर देणं अवघड जाईल असे.

शाईचाडाग:
अरे देवा, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी, खरंच थँक्यू. आजारपण कापलं, आत्ताच. @उशिरायेणारी तुझं वाचून गप्प बसले मी थोडा वेळ, मुलाला माझ्या त्या सीनमध्ये एकही वाक्य नव्हतं आणि मला ते दिसलंच नव्हतं. आईचं पण सापडलंय बहुतेक, ती स्वतः त्या घरात आली तेव्हा तिने आपलं गाणं सोडलंय आणि माझी मुलगी गाते. आता टोमणा नाही, एकच प्रश्न विचारेल ती, लग्नानंतर पण गाणार का? एकविसाव्या पानापासून परत लिहायला घेतेय, झालं की इथेच टाकते.