मदत हवी आहे: आखातात अटकेत असलेल्या मावसभावासाठी पुढं काय करायचं?

नमस्कार मंडळी. मी नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यातला. माझा मावसभाऊ चार वर्षांपासून आखातात ड्रायव्हर आहे. दीड महिन्यापूर्वी गोदामातल्या चोरीत त्याचं नाव घातलं आणि पोलिसांनी उचललं. त्या दिवशी त्याची सुट्टी होती, तो खोलीवरच होता, असं सोबतची पोरं छातीठोकपणे सांगतात. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, केसला धक्का लागू नये म्हणून.

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदत' पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. आता पुढं? १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ प्रमाणे अटकेतल्या माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्क करायचा हक्क आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात २०१९ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही तो उचलून धरला. पण दूतावासाचा माणूस त्याला भेटला की नाही, हे घरच्यांना कसं कळतं? भारतीय समुदाय कल्याण निधीतून वकिलासाठी मदत मिळते, तो अर्ज कुणी करायचा, त्यानं आतून की आम्ही इथून? खासदारांचं पत्र जोडल्यानं खरंच फरक पडतो का?

कतारमध्ये फाशी सुनावलेले आपले माजी नौसैनिक फेब्रुवारी २०२४ मध्ये सुटले, कारण सरकार मागं लागलं होतं. एका ड्रायव्हर पोरासाठीही तसंच लागावं, एवढंच मागणं आहे.

मावशी रोज विचारते, "फोन आला का रे?" कुणी या वाटेनं गेलं असेल तर कृपया लिहा. अरबी कागद वाचून देणारं संभाजीनगर किंवा नांदेडात कुणी असेल तर तेही सांगा.