सीजी मागे नेला की स्टॉल स्पीड उतरतो, मग मागची मर्यादा एवढी कडक का?

कोरीपाटी:
वजन आणि तोलाच्या धड्यात दोन विधानं लागोपाठ येतात. विमानाचा गुरुत्वमध्य म्हणजे सीजी मागे असेल तर स्टॉल स्पीड (ज्या वेगाखाली पंखाची उचल, म्हणजे लिफ्ट, कोसळते) कमी होतो, क्रूझला (सरळ सपाट प्रवासात) वेग थोडा जास्त मिळतो आणि इंधन वाचतं. लगेच पुढे लिहिलेलं असतं की मागची मर्यादा ओलांडणं हे पुढची ओलांडण्यापेक्षा घातक. कमी वेगाला स्टॉल होणारं विमान जास्त धोक्याचं कसं? फायदा किती आणि तोटा किती, हे कुणी आकड्यांत मांडेल का? शिवाय, टेलवरचा भार नेहमी खालच्याच दिशेनं असतो का?

न्यूट्रलपॉइंट:
आकडे घेऊनच बघू. विमान १००० किलोचं, पंखाची सरासरी कॉर्ड, म्हणजे पुढून मागेपर्यंतची रुंदी (एमएसी), १.५ मीटर, पंखाचं एरोडायनॅमिक सेंटर (लिफ्टमधली वाढ-घट जिथे लागते तो बिंदू) पुढच्या कडेपासून २५ टक्क्यांवर, तिथून टेलपर्यंतचं अंतर ४.५ मीटर. पुढची मर्यादा १५ टक्के, मागची ३५ टक्के धरा. लहान चार आसनी विमानांत साधारण असंच असतं. कॅम्बरमुळे (पंखाच्या बाकामुळे) पंख स्वतःच नाक खाली ढकलतो, त्यासाठी स्टॉलजवळ ५० चा मोमेंट (वजन किलोत × अंतर मीटरमध्ये) धरतो.

सीजी १५ टक्क्यांवर असेल तर तो एरोडायनॅमिक सेंटरच्या १५ सेंमी पुढे. मोमेंट १००० × ०.१५ = १५०, त्यात ५० मिळवले की २००. भागिले ४.५, म्हणजे टेलला सुमारे ४४ किलो खाली दाबावं लागतं, आणि पंखाला १०४४ किलो उचलावं लागतं.

सीजी ३५ टक्क्यांवर नेला तर चिन्ह उलटतं: −१५० + ५० = −१००. टेल २२ किलो वर उचलते, पंखाला ९७८ किलोच पुरतात. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आलं.

स्टॉल स्पीड लिफ्टच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पुढच्या सीजीला तो ५० नॉट असेल तर मागच्याला सुमारे ४८.४. अख्ख्या परवानगीच्या टप्प्यात कमाई दीड नॉटाची. ३० अंशांचं एक साधं वळण घेतलं की स्टॉल स्पीड साडेसात टक्क्यांनी चढतो, म्हणजे ५० चा ५३.७. कमाईच्या दुप्पट एका वळणात गेली.

आता तोटा. न्यूट्रल पॉइंट, म्हणजे सीजी जिथे गेला की स्थैर्य संपतं ती जागा, ४५ टक्क्यांवर धरा. स्टॅटिक मार्जिन म्हणजे न्यूट्रल पॉइंट आणि सीजी यांतलं अंतर, कॉर्डच्या टक्केवारीत. पुढे ते ३० टक्के, मागच्या मर्यादेवर १०. स्टॉल स्पीड ३ टक्क्यांनी उतरला आणि स्थैर्य एक तृतीयांश उरलं. मर्यादेच्या आणखी ५ टक्के मागे, म्हणजे फक्त साडेसात सेंमी, गेलात तर उरलेलं स्थैर्यही निम्मं होतं आणि बदल्यात अर्धा नॉटही मिळत नाही.

खालचावारा:
पण टेल वर उचलायला लागली तर विमान अस्थिरच व्हायला हवं ना? सगळ्या आकृत्यांत टेलवरचा बाण खालीच काढलेला असतो.

न्यूट्रलपॉइंट:
या आकृत्यांनी बराच गोंधळ घालून ठेवलाय. टेल कुठल्या दिशेला दाबते यावर समतोल, म्हणजे ट्रिम, ठरतो. स्थैर्य ठरतं ते झोत आला की बदल कुठे जास्त होतो यावर. अँगल ऑफ अटॅक (पंख आणि समोरून येणारा वारा यांतला कोन) एका अंशानं वाढला की पंखाची लिफ्ट वाढते आणि टेलचीही वाढते (खाली दाबत असेल तर दाब कमी होतो, परिणाम एकच). या दोन्ही वाढींचा एकत्रित बिंदू म्हणजे न्यूट्रल पॉइंट. तो सीजीच्या मागे असेपर्यंत नाक आपणहून खाली येतं. टेल लिफ्ट देत असतानाही विमान पूर्ण स्थिर असू शकतं. फ्री फ्लाइट मॉडेलांत तर टेल मुद्दाम लिफ्ट देणारी बनवतात.

एक बारकावा मात्र महत्त्वाचा आहे. वरचा ४५ टक्के हा स्टिक (नाक वर-खाली करायचा दांडा) घट्ट धरलेली असतानाचा आकडा. स्टिक मोकळी सोडली की एलिव्हेटर (आडव्या टेलचा हलणारा भाग) वाऱ्याबरोबर तरंगतो, टेलचा प्रभाव घटतो आणि न्यूट्रल पॉइंट पुढे सरकतो. पुढे प्रॉपेलर असलेल्या विमानात पूर्ण पॉवर दिली तरी बहुधा तेच होतं. कागदावरचं १० टक्के मार्जिन गो-अराउंडच्या (उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याच्या) क्षणी १० टक्के नसतं. त्यात लँडिंगसाठी ट्रिम नाक-वर केलेला असला तर पॉवर देताच नाक झपकन उठतं. ते दाबून धरायचं आणि लगेच ट्रिम पुढे करायचा.

उलटारडर:
स्पिनबद्दल (स्टॉल होऊन गरगरत खाली येण्याबद्दल) अजून कुणी बोललं नाही, आणि मागच्या मर्यादेचं मोठं कारण तिथेच आहे.

सीजी मागे गेल्यानं टेलचा हात आखूड होतो, असं सगळे सांगतात. खरं आहे, पण वरच्या उदाहरणात तो ४.६५ वरून ४.३५ मीटर होतो, जेमतेम साडेसहा टक्के. खरा घोटाळा पंखावर आहे. खोल स्टॉलमध्ये लिफ्टचं केंद्र मागे, कॉर्डच्या मध्याकडे सरकतं, आणि सीजी त्याच्या बराच पुढे असल्यामुळे नाक आपसूक खाली पडतं. सीजी मागे असला की हे अंतर आटतं. नाक पडत नाही, स्पिन चपटी होते, अँगल ऑफ अटॅक खूप मोठा राहतो आणि रडरवर (उभ्या टेलच्या हलणाऱ्या भागावर) पंखाचा-टेलचा विस्कटलेला प्रवाह येतो. थ्रॉटल बंद, एलेरॉन (पंखाच्या टोकांचे हलणारे भाग) मध्यावर, पूर्ण उलटा रडर, मग स्टिक पुढे, हा नेहमीचा क्रम (आधी त्या विमानाचं मॅन्युअल) बरोबर केला तरी फिरणं थांबेलच असं नाही. युटिलिटी प्रकारात (मर्यादित कसरतींची परवानगी असलेल्या) उडवताना सीजीची मागची मर्यादा वेगळी आणि अधिक पुढे दिलेली असते, ती याच कारणानं.

पुढच्या मर्यादेवर काय बिघडतं तेही सांगतो, थोडक्यात. तिथे एलिव्हेटर अपुरा पडतो. जमिनीजवळ टेलवरचा डाउनवॉश (पंखामागून खाली वळलेला प्रवाह) कमी होतो, नाक खाली जाऊ पाहतं आणि ऐन फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) स्टिक पोटाला टेकलेली असते. नोजव्हील आधी टेकतं. विमान मोडेल कदाचित, पण हवेत हाताबाहेर जात नाही.

तोलकाटा:
दोन चुका एकत्र आल्या की काय होतं त्याचं उदाहरण: ८ जानेवारी २००३, अमेरिकेतलं शार्लट, एअर मिडवेस्टचं बीच १९००डी. एलिव्हेटरची केबल चुकीची जुळवलेली, त्यामुळे नाक खाली करण्याची हालचाल अपुरी. वर वजन जास्त आणि सीजी मागच्या मर्यादेपलीकडे. केबल तशीच असताना आधीची उड्डाणं पार पडली होती. त्या दिवशी नाक उठलं आणि खाली आणायला एलिव्हेटर पुरला नाही. २१ जण गेले. प्रवाशांची जी सरासरी वजनं धरून हिशेब होत होता ती प्रत्यक्षापेक्षा कमी होती, आणि नंतर ती बदलावी लागली.

हिशेबाचं सूत्र सोपं आहे: हलवलेलं वजन × हलवलेलं अंतर ÷ एकूण वजन. १००० किलोच्या विमानात ३० किलोची बॅग २ मीटर पुढे आणली की सीजी ६ सेंमी पुढे येतो. वरच्या उदाहरणात ४ टक्के, म्हणजे जवळजवळ तेवढंच, जेवढ्यानं स्थैर्य निम्मं होत होतं. बॅगा अंदाजानं नको, काट्यावर तोला.

कोरीपाटी:
आता पटलं. पण मग मोठी विमानं मुद्दाम सीजी मागे का नेतात?

न्यूट्रलपॉइंट:
लांब उड्डाणात अर्धा टक्का ड्रॅगही (हवेचा विरोध) मोलाचा असतो म्हणून. एअरबस ए३३०, ए३४० मध्ये आडव्या टेलमध्येच इंधनाची टाकी आहे. क्रूझला इंधन मागे पंप होतं, उतरण्याआधी पुढे येतं, आणि सगळं संगणक पाहतो. कॉन्कॉर्डचं कारण वेगळं होतं. ध्वनीच्या वेगापलीकडे लिफ्टचं केंद्रच मागे सरकतं, म्हणून इंधन मागे ढकलून सीजीही त्याच्याबरोबर मागे न्यावा लागे. एफ-१६ हे लढाऊ विमान तर ध्वनीपेक्षा कमी वेगात अस्थिरच ठेवलंय, कारण तिथे सेकंदात अनेक वेळा एलिव्हेटर हलवणारी यंत्रणा आहे. तुमच्या विमानात ते काम तुमचा हात करतो.

तोलकाटा:
आणि हिशेब दोनदा: एकदा टेकऑफच्या इंधनावर, एकदा उतरतानाच्या. टाक्या सीजीच्या पुढे असतील तर इंधन जळत जाईल तसा सीजी मागे जातो. निघताना चौकटीत असलेला बिंदू उतरताना बाहेर असू शकतो. हवेत शंका आली तर ट्रिम करून वेग १० नॉट कमी करा आणि किती ओढ धरावी लागते ते बघा. स्टिक सोडल्यासारखी हलकी लागली तर जोरात ओढाताण नको, फ्लॅप मॅन्युअलप्रमाणे बेतानं, ॲप्रोच थोडा जास्त वेगानं, वळणं उथळ.