उपकेंद्राचे निर्णय सिस्टरच्या हाती द्यायला पाहिजे का?

उपकेंद्रवाली सिस्टर:
नागपुरातूनच बीएस्सी नर्सिंग केलं, आता जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे. सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, त्याच्या तपासणीत एक जोडपं आलं, दोघांचीही सोल्युबिलिटी टेस्ट (पहिली साधी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह अन् बाई तिसऱ्या महिन्यात. या टेस्टवरून वाहक (स्वतःला आजार नाही पण लेकराला देऊ शकतो तो) की पेशंट ते कळतच नाही, त्याला एचपीएलसी ही लॅबमधली तपासणी लागते, म्हणजे सॅम्पल शहरात पाठवा. गाडीसाठी तीनदा वर विचारलं. दोघंही वाहक आहेत हे कळलं तोवर बाईचा चौथा सरत आला होता! अशा जोडप्याला दर खेपेला 4 पैकी 1 शक्यता असते बाळाला आजार व्हायची, पोटातल्या बाळाची तपासणी करायची का, पुढं काय, हे ठरवायला त्यांना फार थोडा वेळ उरला. गावाला मी जबाबदार, तं मग गाडीचा निर्णय माझ्याकडं काहून नाही?

पीएचसीतला डॉक्टर:
ताई, तुमची तळमळ खरी आहे पण मी विरोधात. सिकलसेलचं लेकरू ताप घेऊन येतं, छातीत दुखतं म्हणते आणि काही तासांत ऑक्सिजन खाली जातो, कधी पानथरीत रक्त साचून हिमोग्लोबिन धाडकन पडतं. तिथं डॉक्टरच पाहिजे. सिस्टर सांभाळते म्हटलं की डॉक्टरची रिकामी जागा भरायची घाई कोणालाच राहत नाही, नुकसान शेवटी गावाचंच.

कामठी रोड:
माझा पोरगा 11 वर्षांचा, सिकलसेल आहे. मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी हायड्रॉक्सीयुरियाची गोळी लिहून दिली, त्यांचे उपकार आहेतच. पण गोळी रोज द्यायची, दुखणं थांबलं म्हणून बंद करायची नाही, उन्हाळ्यात पाण्याची बाटली दप्तरात पाहिजेच, थंडीत भिजू द्यायचं नाही, हे घरी बसून माझ्या आईला समजावलं ते सिस्टरनं. पुतणीचं लग्न जुळवताना दोन्हीकडचे सिकलसेल कार्ड पाहा म्हणून भावकीत बोलली तीपण तीच, अन् आमच्याकडं हे बोलणं सोपं नाही. लोकं तिचं ऐकतात डॉक्टर साहेब.

रिटायर एएनएम (उपकेंद्रातली नर्स):
ऐकतात ना, पण तिला वेळ कुठं आहे? उपकेंद्राला 5000 लोकसंख्या, आदिवासी भागात 3000 हा कागदावरचा हिशोब. लसीकरण, गरोदर बायांच्या तपासण्या, बीपी-शुगर, वरून तेच आकडे रजिस्टरात लिहा आणि मोबाईलमध्येही भरा. मी 30 वर्षं केलं, रात्री घरी रजिस्टर घेऊन बसायची. नुसतं पुढारपण देऊ नका, आधी लिहिणारं माणूस द्या. नाही तं पोरी नोकरी सोडून जातील.

उपकेंद्रवाली सिस्टर:
काकू, लिहिणाऱ्या माणसाचं शंभर टक्के बरोबर. डॉक्टर साहेब, इलाज मला करायचाच नाही, हायड्रॉक्सीयुरिया सुरू करणं तुमचंच काम. सॅम्पल कोणत्या दिवशी जाईल, गाडी कधी लागेल, उपकेंद्राचा पैसा पावसाळ्याआधी कशावर लावायचा, एवढंच मागून राहिली. सरकार 2047 पर्यंत सिकलसेल संपवायचा म्हणते, अन् सॅम्पल इथं गाडीसाठी अडते.

पीएचसीतला डॉक्टर:
गाडी आणि सॅम्पलचं मान्य. पण उशीर झाला किंवा चुकलं तर उत्तर कोण देणार, ते आदेशात लेखी पाहिजे. तोंडी अधिकार दिले की चूक सिस्टरच्याच माथी येते, पाहिलं आहे मी.

उपकेंद्रवाली सिस्टर:
लेखी द्या. सही करायला मी तयार आहे.